सूत निवडताना: तंतू, पीळ, जाडी आणि गोव्याचा पावसाळा

दुकानात गुंडी हातात आली की आपण रंग बघतो आणि गालाला लावून मऊ आहे का ते बघतो. सहा महिन्यांनी रुमाल आक्रसतो, पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते किंवा लाल किनारीचा रंग पांढऱ्यावर उतरतो. मग दोष विणीला दिला जातो. बहुतेक वेळा वीण ठीकच असते, त्या कामाला ते सूत नको होतं. म्हणून खरेदीआधी वस्तूबद्दल तीन गोष्टी ठरवा: ती अंगाला लागणार का, किती वेळा धुतली जाणार, आणि जून ते सप्टेंबर ती कुठे असणार. कोरड्या हवेच्या गावात तिसऱ्या प्रश्नाचा विचार करावा लागत नाही. गोव्यात, मग घर पेडण्यात असो की काणकोणात, सुरुवात त्याच प्रश्नाने करावी.

तंतू: पाणी किती पितो ते आधी बघा

प्रत्येक तंतू हवेतलं पाणी कमीअधिक धरून ठेवतो. सुताच्या व्यापारात त्याची ठरलेली टक्केवारी आहे: कापूस ८.५, रेशीम ११, ताग १३.७५, लोकर १६ ते १८, ऍक्रिलिक साधारण १.५ आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. ही प्रमाणं मध्यम दमट हवेतली आहेत. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवाच ओलीचिंब असते, तेव्हा हे आकडे आणखी चढतात. ताग आणि कापूस हे वनस्पतीचे तंतू, म्हणजे बुरशीचं खाद्य. त्यांच्यात ओल राहिली की काळे ठिपके आलेच. तागाची भिंतीवरची शोभेची वस्तू एप्रिलमध्ये कितीही देखणी दिसली, तरी वारा न लागणाऱ्या खोलीत चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, तिला कुबट वास मारू लागतो.

लोकर पाणी खूप शोषते, पण ओली असताना हाताला तशी लागत नाही. बुरशीपेक्षा तिला कसरीची भीती जास्त. ऍक्रिलिक पाणी शोषत नाही म्हणून पटकन वाळतं आणि त्याच कारणाने घामही शोषत नाही. गोव्यात लहान बाळाला ऍक्रिलिकचं टोपडं घातलं की कपाळावर पुरळ येण्याचं कारण हेच. बाळासाठी इथे बारीक, मऊ कापूस घ्या, मग ते बारसं असो की बाप्तिस्मा. लोकर ठेवा लंडन-लिस्बनला असलेल्या नातवंडांसाठी, आणि तीही मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली. साध्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून स्वेटर नमद्यासारखा घट्ट होतो. परदेशातल्या घरात हाताने लोकर धुवायला कुणाला वेळ नसतो, हे धरूनच सूत निवडा.

लोकर टोचते की नाही हे तंतूच्या जाडीवर ठरतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात. मेरिनो मेंढीची लोकर बहुतेक २४ च्या आत असते, म्हणून ती गळ्याला चालते. गालिच्याची लोकर गालिच्यालाच बरी.

बांबूचं म्हणून विकलं जाणारं सूत बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस असतं. ते थंड, चकाकदार आणि अंगावर सुळसुळीत पडतं. पण व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्याने घटते. कापसाचं उलट, तो ओला असताना जास्त मजबूत होतो. यातून घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी मिळते. लेबल नसलेल्या सुताचा वीतभर धागा घ्या, मधोमध जिभेने किंवा बोटाने ओला करा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. धागा ओल्या जागी तुटला तर व्हिस्कोस. कोरड्या जागी तुटला तर कापूस असण्याचा संभव जास्त.

जाळून बघण्याची चाचणीही उपयोगाची आहे, पण ती कापूस आणि व्हिस्कोसमधला फरक सांगत नाही, दोन्ही सारखेच जळतात. चिमट्यात पाच सेंमी धागा धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी राखाडी राख म्हणजे वनस्पतीचा तंतू. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत सहज चुरा होणारी काळी गोळी म्हणजे लोकर किंवा रेशीम. धागा वितळत, काळा धूर सोडत जळला आणि थंड झाल्यावर न फुटणारा कडक मणी राहिला तर ऍक्रिलिक किंवा दुसरा कृत्रिम धागा. मिश्र सुतात दोन्ही खुणा एकत्र दिसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावला सुट्या लडी किलोवर मिळाल्या तर वीतभर तुकडा मागून घ्या, घरी ही चाचणी करा आणि मगच जास्त माल घ्या.

चकाकणारा कापूस आणि साधा कापूस

क्रोशाच्या गुंडीवर 'मर्सराइज्ड' लिहिलेलं असतं. इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास कापसावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी तीच प्रक्रिया धागा ताणून धरून केली आणि कापसाला रेशमासारखी चमक आली. कापसाचा तंतू मुळात पिळलेल्या चपट्या फितीसारखा असतो. सोड्यात तो फुगून गोल होतो, म्हणून प्रकाश नीट परावर्तित होतो, रंग गडद बसतो आणि ताकदही वाढते.

देवघराच्या पडद्याची किनार, चर्चमधल्या आल्तारावरचं कापड, दिवाणाच्या पाठीवरचे रुमाल, ख्रिसमसला काढायचा टेबलक्लॉथ, या सगळ्यांना मर्सराइज्डच हवा. टाका कोरल्यासारखा स्पष्ट दिसतो, खळ चांगली बसते, धुतल्यावर तंतू वर येत नाहीत. भांडी पुसायचं फडकं किंवा तोंड पुसायचा रुमाल करायचा असेल तर मात्र साधा, चमक नसलेला कापूस घ्या. तो जास्त पाणी टिपतो आणि ओल्या हाताला मऊ लागतो. मर्सराइज्ड सुताची फडकी पाणी नुसतं पसरवत राहतात.

पीळ आणि पदर

एकेरी धागा पिळून पदर होतो आणि दोन, तीन, सहा पदर उलट दिशेने पिळून सूत होतं. पीळ घट्ट असेल तर सूत गोल, टणक आणि टिकाऊ होतं. सैल असेल तर फुगीर आणि मऊ होतं, पण घासलं की त्यावर गोळ्या येतात. पिशवी, पायपुसणं, उशीचा अभ्रा, लहान मुलाचं खेळणं यांना घट्ट पिळाचं अनेक पदरी सूत लागतं. एकपदरी सैल सूत शालीला शोभतं, काखेत घासणाऱ्या ब्लाउजला अजिबात नको.

सूत घेताना एक चाचणी दुकानातच करा. अर्धा मीटर धागा सोडा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि मधला फास मोकळा लोंबू द्या. फास उघडा राहिला तर पीळ समतोल आहे. तो गरगर फिरून स्वतःभोवती दोन-तीन वेढे घेऊ लागला तर पीळ जास्त झालेला आहे. अशा सुताने सुयांवर सुलट टाक्यांची पट्टी विणली की चौकोन एका बाजूला कलून समांतरभुज होतो आणि इस्त्रीने तो कधीच सरळ होत नाही. क्रोशात दोष कमी दिसतो, पण हात दुखतो, कारण दर वीस-पंचवीस टाक्यांनी सूत गुंतून थांबतं.

याउलट काही सुतांचा पीळ क्रोशा करताना सुटत जातो आणि सुईचं टोक दोन पदरांच्या मध्ये घुसतं. पंधरा ओळी विणून पाहा. शेवटच्या ओळीतला धागा गुंडीतल्या धाग्यापेक्षा सैल दिसला तर ते सूत बारीक नक्षीला घेऊ नका. डावखुऱ्या हाताला नेमकं तेच सूत चांगलं जातं असंही होतं, कारण धागा सुईवर उलट दिशेने फिरतो.

मॅक्रमेच्या, म्हणजे गाठी मारून करायच्या कामाच्या, दोरीत हा फरक फार ठळक असतो. एकाच दिशेने पिळलेली एकपिळी दोरी झालरीला पटकन विंचरता येते आणि गाठी मऊ बसतात. तीन पदरी दोरी जास्त वजन पेलते, गाठी उठून दिसतात, पण झालर नागमोडी राहते. मातीची कुंडी टांगायची असेल तर तीन पदरीच घ्या. लांबी काढताना सरळ सोडायच्या दोरीला तयार लांबीच्या चौपट आणि दांडीवर मधोमध दुमडून अडकवायच्या दोरीला आठपट धरा. मध्येच दोरी संपली तर जोड लपवता येत नाही.

नंबरांचा घोळ

जाडीचे नंबर सगळ्यांत जास्त फसवतात, कारण प्रत्येक धंद्याची पद्धत वेगळी आहे. क्रोशाच्या दोऱ्यात नंबर वाढला की दोरा बारीक होतो: १० नंबर जाड, २० मध्यम, ४० बारीक. लोकरीत 'प्लाय' वाढला की गोळा जाड होतो, निदान दुकानात तरी तसंच समजतात. खरं तर प्लाय म्हणजे पदर. चार बारीक पदरांचं सूत दोन जाड पदरांच्या सुतापेक्षा बारीक असू शकतं. मागावरच्या सुतात '२/४०' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ४० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणजे जाडी २० काउंटइतकी (काउंट वाढला की धागा बारीक). डेनिअर आणि टेक्स हे वजनाचे आकडे आहेत, ९,००० मीटर किंवा १,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. तिथे आकडा वाढला की धागा जाड.

हातमागाचा काउंट आणि क्रोशाचा नंबर एक समजून झालेली चूक महागात पडते. '२/४०' सुताचे १०० ग्रॅममध्ये जवळपास ३,४०० मीटर भरतात. १० नंबरच्या क्रोशा दोऱ्याचे तेवढ्याच वजनात ५०० मीटरच्या आसपास. स्वस्त मिळाला म्हणून आणलेल्या कोनचे सहा-सात धागे एकत्र धरले तर ती जाडी येते, पण त्यांना आपसात पीळ नसतो आणि प्रत्येक टाक्यात एखादा धागा सुईतून निसटतो.

म्हणून सगळे नंबर बाजूला ठेवून एकच गोष्ट मोजा: १०० ग्रॅममध्ये किती मीटर. लेबलवर नसेल तर मीटरपट्टीने १० मीटर धागा मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. २ ग्रॅम भरला तर १०० ग्रॅमला ५०० मीटर. काटा एक ग्रॅमचाच असेल तर ५० मीटर मोजा, नाहीतर चूक मोठी होते.

५०० मीटरच्या आसपासचा दोरा असेल तर १.३ ते १.७५ मिमीची स्टीलची सुई. ७५० च्या आसपास म्हणजे २० नंबर, सुई १ ते १.२५ मिमी. ४०० मीटरची बारीक लोकर किंवा कापूस असेल तर सुई २.२५ ते ३.५ मिमी. २०० ते २५० मीटरचं, ज्याला डीके म्हणतात ते, ४ मिमीला. १८० ते २०० मीटरचं जाड सूत ५ मिमीला. घट्ट हाताच्या बाईने पाव-अर्धा मिमी वर जावं.

तंतू बदलला की हिशेब ग्रॅमवर करू नका, मीटरवर करा. कापूस ऍक्रिलिकपेक्षा जड असतो (घनता १.५४ विरुद्ध १.१७), त्यामुळे त्याच जाडीच्या तेवढ्याच ग्रॅममध्ये कापूस कमी मीटर भरतो. कृतीत ५० ग्रॅमचे चार ऍक्रिलिक गोळे सांगितले असतील आणि प्रत्येकात १२५ मीटर असतील तर गरज ५०० मीटरची आहे. तुमच्या कापसाच्या गुंडीत ८५ मीटर असतील तर ५०० ला ८५ ने भागा. ५.९ येतात, म्हणजे सहा गुंड्या. चार घेतल्या तर काम दोन-तृतीयांशावर अडकेल.

नमुना तुकडा विणल्याशिवाय सुरुवात नको

१५ बाय १५ सेंमीचा तुकडा विणा, ज्या टाक्यात काम करायचं त्याच टाक्यात. मुक्या खांबांचा (बुटका, घट्ट टाका) तुकडा खांबांच्या (उंच टाका) कामाबद्दल काही सांगत नाही. मधल्या १० सेंमीवर टाके आणि ओळी मोजा. मग तो तुकडा पुढे वस्तू धुणार तसाच धुवा, मशीन तर मशीन, आणि सपाट वाळवून पुन्हा मोजा. १० सेंमीचे ९.५ झाले तर आट ५ टक्के. १२० सेंमीचा टेबलक्लॉथ हवा असेल तर तो १२० भागिले ०.९५, म्हणजे सव्वाशेच्या जरा वर, १२६ सेंमी विणावा लागेल.

सूत किती लागेल तेही याच तुकड्यातून काढा. १० बाय १० चा भाग ३ ग्रॅमचा असेल तर १२० बाय १२० मध्ये असे १४४ भाग बसतात, म्हणजे ४३२ ग्रॅम. त्यावर दहा टक्के जास्त धरून ४७५ ग्रॅम घ्या. फुलं जोडून करायचा टेबलक्लॉथ असेल तर एक पूर्ण फूल विणून तोला आणि जोडायच्या साखळ्यांसाठी थोडं वर धरा. सगळा माल एकदम घ्या आणि प्रत्येक गुंडीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक, जुळवून बघा. पांढऱ्यातसुद्धा दोन लॉटमध्ये निळसर-पिवळसर फरक असतो. तो दिव्याखाली दिसत नाही, जेवणाच्या टेबलावर दुपारच्या उजेडात दिसतो. एकाच लॉटच्या गुंड्या कमी पडल्या तर दोन ओळी एका गुंडीच्या, दोन दुसरीच्या असं आलटून-पालटून विणा, म्हणजे पट्टा उठत नाही.

लाल, किरमिजी आणि गडद निळ्या रंगांची परीक्षा वेगळी. कुणबी साडीच्या लाल चौकडीशी जुळणारी किनार विणायची म्हटलं की लाल सूत पांढऱ्याच्या शेजारी येणारच. धागा ओला करून पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि वर वजन ठेवून तासभर थांबा. कापडावर गुलाबी छटा उतरली तर ते सूत पांढऱ्याबरोबर वापरू नका. व्हिनेगरच्या किंवा मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. तयार कापसाच्या सुतावर तसं होत नाही. मिठाचा उपयोग रंगवताना रंग तंतूकडे ओढण्यासाठी असतो, रंग नीट बसलेलाच नसेल तर नंतरचं मीठ त्याला धरून ठेवत नाही.

काही वस्तूंचं थोडक्यात

बाजाराची पिशवी: कापसाची पिशवी नारळ-भाजीच्या वजनाने लांबतेच. घट्ट पिळाचं सूत, नेहमीपेक्षा अर्धा मिमी बारीक सुई, तळ आणि पट्टे मुक्या खांबात. जाळी फक्त मधल्या भागात ठेवा.

बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) उशा: ऊन लागतं, पावसाची झडही येते. उन्हाला ऍक्रिलिक चांगलं टिकतं, कापूस आणि नायलॉन त्यामानाने लवकर कमकुवत होतात. ऍक्रिलिकवर कधीही गरम इस्त्री दाबू नका. वीण मरगळते आणि पुन्हा उभी राहत नाही.

बाहेर टांगायची जाड कामं: सुंभ विसरू नका. काथ्यात लिग्निन (लाकडात असतो तो कडक घटक) भरपूर असतं, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. हाताला टोचतो, तेव्हा अंगाशी येणाऱ्या वस्तूला नको.

विणलेली खेळणी: बारीक सुई आणि घट्ट कापूस, नाहीतर भरलेला कापूस टाक्यांतून डोकावतो. तंतू गळणारं मोहेर (बोकडाच्या लांब केसांचं सूत) लहान मुलाच्या हातात देऊ नका.

पावसाळ्यात सूत सांभाळणं

मे संपायच्या आत सगळं सूत एक दिवस कडकडीत उन्हात, पण वरून पातळ कापड टाकून वाळवा, म्हणजे रंग उडणार नाही. थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. सूत ऊबदार असताना झाकण लावलं तर आत ओल धरते. लोकरीबरोबर वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवतात, पण लोकर आधी स्वच्छ धुतलेली हवी. कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी पडते. खळ दिलेले रुमाल पावसाळाभर तसेच ठेवू नका. खळ म्हणजे किड्यांना आणि बुरशीला वाढलेलं ताट. ते धुऊन, खळ काढून ठेवा आणि चवथीच्या आधी पुन्हा खळ द्या.

आणखी एक, जे हमखास विसरलं जातं: अर्धवट कामात स्टीलची सुई अडकवून ठेवू नका. खाऱ्या दमट हवेत पंधरा दिवसांत ती गंजते आणि पांढऱ्या सुतावर नेमकी त्या टाक्याएवढी तपकिरी रेघ उमटते. डाग फिका असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यावर जातो, पण हे फक्त पांढऱ्या कापसावर करा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. काम थांबवताना शेवटचा फास लांब ओढून त्यात प्लॅस्टिकची खूण अडकवा आणि सुई पुसून वेगळी ठेवा.